चवथीपासून चवथीपर्यंत

चवथीला गोव्यातल्या गावच्या घरी मंडळी जमली, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, की सोप्यावर एक कार्यक्रम ठरलेला. मुंबईहून, वास्कोहून, बेळगावहून आलेल्या चुलत-मावस भावंडांना पाठीला पाठ लावून उभे करायचे, कोणीतरी आत्या डोक्यावर आडवा हात धरणार आणि निकाल सुनावणार. एकाला "कितलो व्हड जालो रे!" आणि दुसऱ्याकडे बघून त्याच्या आईला, "गेल्या वर्षीचाच सदरा बसतो की याच्या अंगात." त्या आईला मग दिवसभर नेवरी गोड लागत नाही.

मला या प्रकाराचा राग येत नाही. वर्षातून एकदा, त्याच घरात, त्याच खांबाशी, तीच माणसे मूल मोजतात. वाढ बघायची याहून चांगली सोय शहरातल्या फ्लॅटात नाही. बिघडते ते तुलनेत. मूल चुलतभावाशी मोजले जाते, मोजायला हवे गेल्या चवथीच्या स्वतःशी. वाढीच्या हार्मोनांबद्दल, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या संप्रेरकांबद्दल, गेल्या सत्तर वर्षांत जे कळले त्यातला मोठा भाग "किती" यापेक्षा "कधी" याबद्दल आहे. तोच आकडा कुठल्या तासाला, कुठल्या दिवशी, कुठल्या वयात घेतला यावर त्याचा अर्थ फिरतो.

मोजण्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात आणि त्या दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. चिऱ्याच्या जुन्या भिंतीला गिलावा असला तरी ती सरळ असेलच असे नाही, आणि फरशी घातलेल्या घरात भिंतीच्या तळाशी दोन बोटे पुढे आलेली पट्टी असते, तिच्यामुळे टाच मागे टेकत नाही. म्हणून सरळ लाकडी खांब किंवा दाराची चौकट बरी. पायात काही नको, केसांचा बुचडा-वेणी-क्लिप सोडायची. टाचा, ढुंगण आणि खांद्याची पाती मागे टेकलेली. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे भोक एका आडव्या रेषेत. मुले हटकून हनुवटी वर करतात, त्यात अर्धा सेंटिमीटर जातो. डोक्यावर वही धरायची नाही, ती कलते. सुताराचा गुण्या घ्यावा: एक बाजू खांबाला, दुसरी डोक्याला. मुलाला श्वास घ्यायला सांगून गुण्या केस दबतील इतका खाली आणायचा, खालच्या कडेला बारीक रेघ मारायची. जमिनीपासून रेघेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजायचे. शिंप्याची कापडी टेप वर्षानुवर्षे ताणलेली असते. मुलाला बाजूला करून पुन्हा उभे करायचे, असे तीनदा. तिन्हींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर पद्धत चुकते आहे असे समजावे.

आणि वेळ लिहायची. माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या वजनाने दबतात. गेल्या वर्षी सकाळी पूजेआधी आणि यंदा रात्री आरतीनंतर मोजले, तर वर्षाच्या वाढीतला पाचवा हिस्सा नुसत्या घड्याळाने खाल्ला.

आणखी एक गंमत पंचांगाची. चवथ ते चवथ म्हणजे वर्ष नव्हे. २०२२ ची चवथ ३१ ऑगस्टला होती, २०२३ ची अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला, २०२४ ची ७ सप्टेंबरला. म्हणजे पहिले अंतर ३८४ दिवस, दुसरे ३५४. एखादे मूल पहिल्या खेपेला ५.४ सेंटिमीटर वाढले आणि दुसऱ्या खेपेला ५, तर खांबावर वाढ मंदावलेली दिसते. ३६५ ने गुणून दिवसांनी भागले की दोन्ही वेळा वेग वर्षाला ५.१ च्या आसपास येतो. रेघेशेजारी तारीख हवी ती यासाठी. आणि रेघ खांबावर ठेवून भागत नाही, वहीत उतरवायची, कारण चवथीच्या आधी घराला रंग काढायची आपल्याकडे रीत आहे आणि रंगारी कोणाची गय करत नाही.

दर महिन्याला मोजणाऱ्या आयाही असतात. त्यांना थोपवावे लागते. मोजण्यात अर्धा सेंटिमीटर इकडे आणि अर्धा तिकडे अशी चूक सहज होते, मिळून एक. तीन महिन्यांच्या वाढीवरून वर्षाचा वेग काढायचा तर चारने गुणायचे, म्हणजे चूकही चौपट. तेव्हा सहा महिन्यांपेक्षा कमी अंतरावरून वेग काढू नये. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात, आणि झोपवून घेतलेले माप उभ्या मापापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त येते. दुसऱ्या वाढदिवसानंतर मूल "आखडले" असे वाटते ते याच्यामुळे.

एकाच मुलाला पुन्हापुन्हा मोजायची ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाला साधारण दर सहा महिन्यांनी मोजले, अठरा वर्षे, १७७७ पर्यंत. निसर्गाभ्यासक ब्युफाँने ते आकडे छापले. त्यांवरून काढलेला वेगाचा आलेख आजच्या कुठल्याही मुलाच्या आलेखाशेजारी ठेवा, आकार तोच. जन्माला ५० सेंटिमीटरच्या आसपास, पहिल्या वर्षात २५ ची भर, दुसऱ्यात १० ते १२, मग उतरत उतरत वर्षाला ५ ते ७. वयात येण्याआधी थोडा खड्डा, तेव्हा ४-५ वरही येतो. मग उसळी: ऐन भरात मुलींची वर्षाला ८ च्या आसपास, मुलांची ९-१०. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत वेग ५ च्या खाली गेला तर लक्ष ठेवावे, ४ च्या खाली गेला तर दाखवावे. मूल वर्गात सगळ्यात बुटके असले पण ५.५ ने वाढत असले तर घाई नाही. वर्गात मधल्या बाकावर बसणारे, पण दोन वर्षे ३ ने वाढणारे मूल जास्त काळजीचे, आणि नेमके तेच सोप्यावरच्या निकालात सुटते.

कुठल्या आलेखावर टिंब द्यायचे हेही महत्त्वाचे. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा आलेख. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली, स्तनपानावर वाढलेली मुले मोजली होती, आपल्याकडची दक्षिण दिल्लीतली. पाच ते अठराला भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१५ चा आलेख. आईवडिलांचा हिशेबही टिंबाशेजारी मांडतात: दोघांच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर अधिक १३, मुलगी असेल तर उणे १३, आणि निम्मे. बाप १६८, आई १५० असेल तर मुलासाठी १६५.५, मुलीसाठी १५२.५, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-आठ सेंटिमीटरची मोकळीक. हल्ली उंचीचे भाकीत सांगणाऱ्या जनुकचाचण्या विकायला आल्या आहेत. २०२२ मध्ये ५४ लाख माणसांच्या अभ्यासातून उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा जनुकसंचात सापडल्या, काम थोरच आहे. पण त्यांवरून युरोपीय वंशाच्या लोकांतला उंचीचा सुमारे ४० टक्के फरक समजावता येतो, इतरांत त्याहून बराच कमी. पेडण्यातल्या मुलासाठी आईबापांची बेरीज आणि निम्मे हे फुकटचे गणित अजून तरी सरस आहे.

वेग खरोखर कमी निघाला तर पहिला संशय ग्रोथ हार्मोनवर घेऊ नये. रक्तक्षय, आतड्यांचा गव्हाशी न पटणारा आजार, मूत्रपिंड, थायरॉइड, आणि मुलगी असेल तर गुणसूत्रांची तपासणी, हे आधी. टर्नर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसणे किंवा अपुरे असणे, साधारण अडीच हजार मुलींत एकीला असतो आणि त्यातल्या बऱ्याच दिसायला अगदी चारचौघींसारख्या असतात. उंची हीच एक खूण. दम्याच्या पंपाने उंची खुंटते ही भीती पावसाळी हवेच्या आपल्या मुलखात फार. तिच्यात तथ्य आहे, पण मोजलेले: बालपणी वर्षानुवर्षे पंपातले ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड ओढलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. न आवरलेला दमा त्याहून महाग पडतो. बारला लोंबकळणे आणि डब्यातल्या भुकट्या यांबद्दल लिहायला काही नाही.

आता ग्रोथ हार्मोन. सकाळी दहाला रक्त दिले, रिपोर्टवर ०.२ आले, आणि घरात रडारड. असे रिपोर्ट हातात घेऊन लोक येतात आणि चूक त्यांची नसते, तपासणी लिहिणाऱ्याची असते. हे हार्मोन पिट्यूटरीतून, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीतून, धारेने सुटत नाही. गावच्या बससारखे आहे: बराच वेळ काही नाही, मग एकदम. सगळ्यात मोठी लाट रात्री, गाढ झोप लागल्यावर थोड्या वेळात. मधल्या वेळेत धडधाकट मुलाचे रक्तही जवळजवळ कोरडे असते. नवजात बाळाची साखर उतरलेली असताना घेतलेला नमुना सोडला, तर असा अवचित घेतलेला आकडा काहीच सांगत नाही. म्हणून बस मुद्दाम बोलवावी लागते. मुलाला रात्रीपासून उपाशी ठेवून, हाताला सुई लावून, क्लोनिडिनची गोळी देतात: शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला १५० मायक्रोग्रॅम. मग ०, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांना रक्त. पोर झोपाळते, रक्तदाब उतरतो, एकदम उठवले तर घेरी येते. तेव्हा चाचणी संपल्यावर खाऊन-पिऊन रक्तदाब पाहूनच घरी सोडायचे. शिखर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या वर गेले की बहुतेक प्रश्न मिटला. काही केंद्रे आता ७ ची रेघ धरतात, कारण मोजायची नवी यंत्रे आकडा कमी दाखवतात.

आणि ही चाचणीसुद्धा फसवते. थायरॉइड कमी असेल तर शिखर येत नाही, ते आधी दुरुस्त करावे लागते. मूल लठ्ठ असेल तर शिखर बुटके येते. अकरा वर्षांवरचा मुलगा किंवा दहावरची मुलगी अजून वयात आली नसेल तर ग्रंथी आळसावलेली असते. आधी थोडे लैंगिक हार्मोन देऊन तिला जागे करावे लागते, नाहीतर नुसत्या उशिरा फुलणाऱ्या मुलावर कमतरतेचा शिक्का बसतो. म्हणून एका चाचणीवर निकाल देत नाहीत, दोन वेगळ्या औषधांनी बघतात. १९५७ मध्ये कळले की ग्रोथ हार्मोन कूर्चेवर, म्हणजे वाढत्या हाडाच्या मऊ भागावर, बरेचसे मध्यस्थामार्फत काम करते. तो मध्यस्थ, आयजीएफ-१, दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतो, एका नमुन्यात भागते. पण तोही उपाशी मुलात कमी, पाचाखाली मुळातच कमी, वयात येताना भराभर चढणारा. वयाच्या तक्त्याशिवाय तो वाचायचा नाही.

उपचाराचा इतिहास वाचताना अंगावर काटा येतो. १९५८ मध्ये बोस्टनच्या मॉरिस रॅबेन यांनी मृत माणसांच्या पिट्यूटरीतून काढलेले हार्मोन एका मुलाला देऊन तो वाढल्याचे दाखवले. पुढे पाव शतक जगभर शवागारांतून ग्रंथी गोळा होत राहिल्या. १९८५ मध्ये या इंजेक्शनांवर वाढलेले काही तरुण मेंदू पोखरणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाने गेल्याचे उघड झाले, पुरवठा थांबला, आणि त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेले हार्मोन अमेरिकेत मंजूर झाले. आज वापरतात ते हेच. रोज रात्री झोपताना, कातडीखाली, किलोला २५ ते ३५ मायक्रोग्रॅम, जागा बदलत. २० किलोच्या मुलाला म्हणजे ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम. रात्रीच का, तर शरीराची स्वतःची लाट तेव्हाची असते.

आपल्याकडे औषध वाया जाते ते बहुधा फ्रिजमध्ये. इंजेक्शनाचे पेन २ ते ८ अंशांत हवे. दारात ठेवले तर दर उघडझापीला तापते, मागच्या भिंतीला टेकले तर गोठते, आणि एकदा गोठलेले हार्मोन वितळल्यावर स्वच्छ दिसले तरी निकामी. मधल्या कप्प्यात, डब्यात, असे ठेवावे. जुलैत रात्र रात्र वीज जाते तेव्हा घाबरून पेन बर्फात खुपसणारे असतात. बर्फ आणि पेन यांच्यात जाड टॉवेल हवा.

२०२१ पासून आठवड्याला एकदाच घ्यायची इंजेक्शने मुलांसाठी मंजूर होऊ लागली: लोनापेगसोमाट्रोपिन, सोमाट्रोगॉन, सोमापॅसिटान. हार्मोनला कोणी रासायनिक दोर बांधला, कोणी त्याची शेपटी लांबवली, कोणी रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटायची सोय केली. वर्षाला ३६५ टोचण्यांच्या जागी ५२. चाचण्यांत वाढ रोजच्या इंजेक्शनाच्या तोडीची आली. पण शरीराची रात्रीची लाट यात सपाट होते, आणि आयजीएफ-१ आठवडाभर चढत-उतरत राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नमुना घेतला तर डोस जास्त वाटेल, सातव्या दिवशी कमी; सरासरी बघायची तर चौथ्या दिवसाच्या आसपास. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर इंजेक्शनाचा वार लिहिला नसेल तर तो रिपोर्ट वाचताच येत नाही. वीस-तीस वर्षांनी या सपाट लाटेचा काही हिशेब निघतो का, हे बघायला अजून तितकी वर्षे झालेली नाहीत. रोजची सुई नियमित घेणाऱ्या मुलाला बदलायची घाई मी करणार नाही. आठवड्यात दोन-तीन चुकवणाऱ्याला नक्की बदलावी.

हार्मोन कुठलेही असो, उंची वाढते ती हाडांच्या टोकाजवळच्या कूर्चेच्या चकतीत. पूर्वी ही चकती म्हणजे हुकमाची ताबेदार असे धरत. आता चित्र उलटते आहे. लहान सशाची चकती म्हाताऱ्या सशात बसवली तर ती आपल्या मूळ वयाप्रमाणेच वाढते. घड्याळ तिच्या स्वतःत आहे. तिच्या पेशी ठरावीक वेळा विभागायच्या आणि थकायच्या. आजारपणात मूल खुंटते तेव्हा त्या विभागण्या खर्च होत नाहीत, शिल्लक राहतात, आणि बरे झाल्यावर मूल झपाट्याने भरून काढते. २०१८ मध्ये उंदरांच्या चकतीतल्या निवांत थरात मूळपेशी सापडल्या. चकतीला स्वतःचा ब्रेकही आहे, एफजीएफआर-३ नावाचा. अकाँड्रोप्लेझियात, म्हणजे हातपाय आखूड राहणाऱ्या ठेंगूपणात, हा ब्रेक दाबलेलाच अडकतो; १९९४ मध्ये कळले की जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने. त्या ब्रेकच्या तारेवर उलट दाब देणारे व्होसोरिटाइड २०२१ मध्ये मंजूर झाले: रोज इंजेक्शन, किलोला १५ मायक्रोग्रॅम, आणि चाचणीत वर्षाला १.५७ सेंटिमीटर जास्त वाढ. ते रक्तदाब थोडा उतरवते, म्हणून टोचण्याआधी तासाभरात काहीतरी खाऊन पेलाभर पाणी प्यायला लावतात. उंचीचे औषध पिट्यूटरीला बगल देऊन थेट चकतीशी बोलते, हे यातले मोठे वळण.

चकती मिटवतो कोण? मुलांत पुरुषी हार्मोन, मुलींत स्त्रीचे, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. १९९४ मध्ये अमेरिकेत २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद छापली गेली: उंची २०४ सेंटिमीटर, दाढी-मिशा सगळे नीट, आणि चकत्या पंधरा वर्षांच्या मुलासारख्या उघड्या. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हते. म्हणजे मुलांतही दार लावते ते इस्ट्रोजेनच. टेस्टोस्टेरॉनचे काही अंशी इस्ट्रोजेन होते, आणि ते लावते.

यातून तिसरीतल्या उंच मुलीचे कोडे सुटते. आठच्या आधी छाती यायला लागली, वर्षाला ८-९ ने वाढते, वर्गात सगळ्यात मागे बसते, आजी कौतुकाने दृष्ट काढते. डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचे वय दोन वर्षे पुढे. इस्ट्रोजेन आधी गाडी पळवते आणि मग रस्ता संपवते. ती बारावीत गेल्यावर मैत्रिणींपेक्षा बुटकी निघते. पहिल्या पाळीनंतर सरासरी ५ ते ७ सेंटिमीटरच उरतात. नुसते केस आले, छाती नाही, तर ते बहुधा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचे काम, वेगळी गोष्ट. तरी एकदा दाखवावे.

या घड्याळाला किल्ली कोण देतो हे २००३ पर्यंत माहीत नव्हते. त्या वर्षी फ्रान्समधल्या आणि बोस्टनमधल्या दोन गटांनी, वयातच न येणाऱ्या कुटुंबांत, मेंदूतल्या किसपेप्टिन या संदेशवाहकाच्या ग्राहकातला, म्हणजे तो संदेश पकडणाऱ्या प्रथिनातला, दोष शोधला. किसपेप्टिनचे जनुक १९९६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी गावी कर्करोग शोधताना सापडले होते; तिथली चॉकलेटे प्रसिद्ध, त्यांतल्या "किस" वरून नाव. २०१३ मध्ये उलट बाजू सापडली: एमकेआरएन-३, बालपणी घड्याळ दाबून धरणारे जनुक. ते बिघडले की पाळी लवकर येते, पण फक्त वडिलांकडून आले तरच. दवाखान्यात आईला "तुमची पाळी कितव्या वर्षी" हे हमखास विचारतात. "तुमचा आवाज कितवीत फुटला" असे बापाला विचारायला हवे, वडिलांच्या बहिणींचेही विचारायला हवे.

उपचार मात्र त्याआधीच हाती लागला होता, आणि तो पुन्हा "कधी" चाच धडा. १९७८ मध्ये माकडांवर दिसले की मेंदूतले जीएनआरएच, म्हणजे पिट्यूटरीला वयात येण्याचा हुकूम देणारे हार्मोन, तासाला एक ठोका असे दिले तर पिट्यूटरी जागी होते, तेच सतत दिले तर झोपी जाते. म्हणून लवकर वयात येणाऱ्या मुलीला त्याच हार्मोनचे जोरदार, सतत पाझरणारे रूप देतात: ल्युप्रोलाइड, दर चार आठवड्यांनी ३.७५ मिलिग्रॅम किंवा दर बारा आठवड्यांनी ११.२५. ठोका बुडतो आणि दार लागायचे थांबते. पहिल्या इंजेक्शनानंतर दोन-तीन आठवड्यांत थोडा रक्तस्राव होऊ शकतो. तो औषध लागू पडल्याचा भाग आहे, हे आधीच सांगितले नाही तर घरचे पुढचे इंजेक्शन घेत नाहीत. तारीख आठ-दहा दिवस पुढे ढकलली, "परीक्षा होती", की ठोके परत सुरू होतात. सतत असणे हाच इथे उपाय आहे. सहा-सात वर्षांच्या मुलीत गरज स्पष्ट असते. साडेआठला सुरू झालेल्या, हळू सरकणाऱ्या मुलीला उंचीसाठी इंजेक्शने देण्यात फारसे हाती लागत नाही, आणि ते स्पष्ट सांगायला हवे.

मुलांचे उलट, तिथे उशिराचे गाऱ्हाणे जास्त. बाप म्हणतो, मीही अकरावीतच वाढलो. ते खरे असू शकते. डॉक्टर प्रेडरची मण्यांची माळ काढतात, १ ते २५ मिलिलिटरचे बारा मणी, आणि वृषणाचा आकार हाताने ताडून बघतात. ४ चा मणी गाठला की सुरुवात झाली, उंचीची उसळी त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने. चौदा पूर्ण झाले आणि ४ गाठलेला नाही तर तपासायचे.

सगळ्यात अरुंद खिडकी मात्र जन्मापाशी असते. बाळाची पिट्यूटरी पहिल्या काही महिन्यांत एक छोटे वयात येणे उरकून घेते. मुलग्यांचे टेस्टोस्टेरॉन एक ते तीन महिन्यांत चढते आणि सहापर्यंत उतरते. लिंग फारच लहान असेल तर रक्त याच महिन्यांत बघावे, नंतर दहा-बारा वर्षे ते काही बोलत नाही. आईच्या हार्मोनांनी नवजात बाळाची छाती फुगते, थेंबभर दूधही येते. न्हाऊ घालणारी बाई ते पिळून काढते, "नाहीतर गाठ राहील" म्हणून. गाठ पिळल्यानेच होते: जंतू शिरतात, पू होतो, आणि मुलीच्या छातीची कळी कायमची दुखावते. हात लावू नये, काही आठवड्यांत आपोआप बसते.

आणि थायरॉइड. हजार-दीड हजार बाळांत एकाला ती कमी किंवा नसतेच. ते बाळ जन्मतः गोंडस दिसते. रडत नाही, झोपते, दूध पाजायला उठवावे लागते, कावीळ रेंगाळते, शी घट्ट. सगळे म्हणतात, किती शांत मूल. चेहरामोहरा बदलेपर्यंत थांबले तर मेंदूची वेळ निघून गेलेली असते. १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जां द्युसो यांनी टाचेच्या रक्ताच्या ठिपक्यावर सगळ्या बाळांची तपासणी सुरू केली. गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला. राज्य म्हणून असे पाऊल टाकणारे ते देशात पहिले.

नमुना ४८ ते ७२ तासांना घ्यायचा. जन्मताच टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे पिट्यूटरीचे हार्मोन, उसळते आणि पहिला दिवसभर चढे असते. बाळंतीण दुसऱ्या दिवशी घरी जायला निघाली म्हणून लवकर टोचले, तर खोटी धास्ती. टाच कोमट कपड्याने शेकायची, बाहेरच्या कडेला टोचायचे, पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा. दुसरा मोठा थेंब कागदाच्या वर्तुळाला एकदाच टेकवायचा आणि मागच्या बाजूला पार झिरपू द्यायचा. थेंबावर थेंब दिला की थर बसतो, आकडा चुकतो. मग कागद आडवा, उन्हापासून दूर, तीन-चार तास सुकवायचा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली. चार तासांत तो सुकलेला नसतो, वरून तसा दिसतो. घाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला की आत घाम सुटतो आणि नमुना बाद. पंख्याचा झोत नको, वातानुकूलित खोलीचा कोपरा चालतो, आणि पिशवीत ओलावा शोषणारी पुडी हवीच. अकाली जन्मलेल्या बाळाचे टीएसएच उशिरा चढते, त्याला दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा टोचायचे.

आईच्या ताटाचाही यात वाटा. आगरातले जाडे मीठ लोणच्यात, खारवलेल्या माशात बरे. पण समुद्राचे म्हणून त्यात आयोडीन असते हा समज चुकीचा, सुकताना फार थोडे उरते. आयोडीनयुक्त मिठात ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम हवे, आणि गरोदर बाईची गरज दिवसाला २५०. रोजच्या स्वयंपाकाला हेच मीठ, घट्ट झाकणाच्या बरणीत. पावसाळ्यात उघड्या वाटीत पाझरलेल्या मिठातून ते निघून जाते.

निदान पक्के झाले की गोळी चौदा दिवसांच्या आत. किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन. तीन किलोच्या बाळाला ३७.५, म्हणजे २५ ची दीड गोळी. दोन चमच्यांत चुरायची, चमचाभर अंगावरच्या दुधात कालवून तिथेच पाजायची. बोंडल्यात घालू नये, पूड चोचीत अडकते. बाटलीभर दुधातही नको, बाळ निम्मे टाकते. लोहाचे आणि कॅल्शियमचे थेंब चार तास लांब, नाहीतर ते गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. गोळ्यांची कुपी स्वयंपाकघरात चुलीजवळ नको, ओल आणि उष्णता दोन्ही तिला मारतात. आठ-पंधरा दिवसांनी रक्त, मग डॉक्टर सांगतील तसे. काही बाळांची ग्रंथी पुढे स्वतः चालू लागते. ते पाहायला तीन वर्षांनंतर महिनाभर गोळी थांबवून तपासतात, त्याआधी नाही. मधल्या काळात रिपोर्ट चांगला आला म्हणून घरातल्या घरात गोळी बंद करणारे दरवर्षी भेटतात. रिपोर्ट चांगला आलेला असतो तो गोळीमुळे.